शंभर-दोनशे ग्राम

तुर्भ्याच्या कांदा मार्केटात, पहाटे सव्वाचारला,
गोणीवर बसून मी विचारायचे:
गेल्या पंधरा दिवसांत झोप किती?
काळजी किती?
अजिबात नाही, कधीमधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज.
चार चौकटी, एकीत खूण.

बायका हसायच्या. कुणी म्हणे, रोजच्या पलीकडं चौकट न्हाई का?
एकीने सगळ्यालाच 'कधीमधी' सांगितलं
आणि हात न थांबवता सडका कांदा बाजूला टाकला.
निवडणं त्यांना माझ्याहून बरं येत होतं.

साठ जणी. टिपणीस सर म्हणाले होते,
शितावरून भाताची परीक्षा, एवढंच आपलं शास्त्र.
फक्त शीत कुठून काढलंस ते लिही.
वरचं काढलंस तर भात फडफडीत,
तळाचं काढलंस तर करपलेला.
मी लिहिलं: ज्या भेटल्या, त्यांना विचारलं.
ज्या त्या दिवशी आल्याच नाहीत
त्यांची झोप कुठल्या प्रकरणात येते?

त्रेचाळिसावीचं नाव माझ्याकडे नाही.
म्हणजे आहे, पण कुलूपबंद खणात,
आणि किल्ली नेरुळला, सरांच्या टेबलात.
गाव बदलून सांगते: समजा, खटाव.
संमतिपत्र वाचून दाखवलं, आठही मुद्दे.
सातव्यावर तिचा हात थांबला.
"कधीही म्हंजे कधीही?"
हो. कारणही सांगावं लागत नाही.
"असं तर लग्नातबी नसतं," म्हणाली
आणि अंगठा दिला.

अकराव्या प्रश्नाला ती चौकटींच्या बाहेर बोलली.
जे बोलली ते मी इथेही लिहीत नाही.

समोर वजनकाटा होता, लाल आकडे थरथरणारे.
विषय बदलावा म्हणून विचारलं, हा बरोबर दाखवतो का?
"काटा बरोबरच असतो, पोरी.
मारणारा हात येगळा.
शंभर-दोनशे ग्रामच मारतात.
जास्ती मारला की दिसतं."

आठवड्याने ती मला शोधत आली,
फाटकापाशी, उभ्या ट्रकच्या उजेडात.
"माझा कागद माघारी दे.
घरात कुणाला सांगितलं न्हाई, ते तुझ्याकडं कशाला?"
दिला. तिने चार घड्या घातल्या,
पिशवीत कोंबला, गेली.
मिटलं, असं तिला वाटलं.

लॅपटॉपमधली ओळ तिला माहीत नव्हती.

त्या रात्री कोपरखैरण्याच्या खोलीवर
साठ ओळी. पी-मूल्य ०.०४९.
उंबऱ्याच्या आत जेमतेम एक पाऊल.
तिची झोप सगळ्यांत कमी, काळजी सगळ्यांत जास्त;
रेघ तिच्याच आधाराने चढत होती.
ती काढली: ०.०६१.
परत घातली: ०.०४९.
काढली. घातली.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती,
किक, किक, मग शिवी, मग किक.

कागद तर परत गेला.
ओळीला नाव नाही, अंगठा नाही, नुसते तेरा आकडे.
आकड्यांना कुठे घर असतं,
आणि घरात कुठे कुणाला सांगितलेलं असतं?
शंभर-दोनशे ग्रामच.

सकाळी सरांना म्हटलं, एकोणसाठ.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, तर मग तसं लिही.
'संबंध सिद्ध झाला नाही', हेही वाक्यच असतं.
मी लिहिलं. दोन दिवस लागले त्या वाक्याला.

सरासरीही पुन्हा काढावी लागली.
एकोणसाठ जणी आता
साठ जणींपेक्षा चार मिनिटं जास्त झोपतात.
मार्केटात कुणाचीच झोप वाढलेली नाही.

प्रबंध बांधून आला, मरून रंगाचा.
परिशिष्टात बेचाळीसनंतर थेट चव्वेचाळीस.
तोंडी परीक्षेला एकाने तिथे बोट ठेवलं:
टंकनदोष का?
नाही, म्हटलं.
त्याने पान उलटलं.