कोरी पाने वगळा

रेकॉर्ड रूमला एकच खिडकी,
तीही उड्डाणपुलाच्या पोटाकडे उघडणारी.
द्वारक्याचा चौक दिसत नाही, नुसता ऐकू येतो.
कांद्याचा ट्रक गेला की काच थरथरते
आणि स्कॅनरमधलं पान केसभर वाकडं येतं.
पिंगळे सर म्हणतात, पुन्हा घ्या.
मी पुन्हा घेते.

दिवसाला नऊशे पानं, पानामागे चाळीस पैसे.
आधी टाचण्या काढायच्या.
गंजलेल्या टाचण्यांनी डालड्याचा डबा भरला,
दुसरा अर्ध्यावर आलाय.

एक्स-रे वेगळे, उजेडाच्या पेटीवर ठेवून घ्यायचे.
सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बाया
मी आता नाव वाचायच्या आधी ओळखते,
छातीवरून.
एकदा एक फिल्म उलटी पडली
आणि निफाडच्या एका माणसाचं काळीज
दोन दिवस उजवीकडे होतं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
त्याची तक्रार यायचीही भीती नव्हती,
तो एकोणनव्वद सालीच गेलेला.

मशीनमध्ये एक चौकट आहे: कोरी पाने वगळा.
पहिल्याच दिवशी सरांनी तिच्यात टिचकी मारून दिली.
मशीन पाठपोट दोन्ही बघतं,
पाठ कोरी असली तर आपणहून सोडून देतं.
जागा वाचते, म्हणाले.

परवा एक केसपेपर आत अडकला.
भागीरथी गांगुर्डे, वय चाळीस,
राहणार मोहाडी, तालुका दिंडोरी.
ओढून काढताना पाठीवर तिरपा उजेड पडला.
शिसपेन्सिल.
बोट फिरवलं तर जाईल इतकी पुसट:

हिच्याकडून पैसे घेऊ नयेत.
तिला कळू देऊ नये.
विचारलंच तर सांगा, योजना आहे.

खाली सही नाही. शेपटी ओढलेली एक रेघ.
ती शेपटी मी रोज बघते,
गोळ्यांच्या नावांखाली, निळ्या शाईत.
डॉक्टर उपासनी.
जिन्यात त्यांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला.
जुन्या सिस्टर अजून सांगतात,
फार तुसडा माणूस,
कापसाच्या बोळ्याचासुद्धा हिशेब मागायचा.

कागद परत घातला. मशीन म्हणालं, पाने एक.
चौकटीतली खूण काढली, परत घातला.
पाने दोन.
दुसरं पान पडद्यावर पांढरंफटक.
काळेपणा वाढवत नेला, अगदी टोकापर्यंत,
तेव्हा आधी चहाचा डाग वर आला,
मग पुढच्या बाजूची शाई, उलट्या अक्षरांत,
आणि तिच्या मधून कुठूनतरी
कळू देऊ नये.

प्रकार निवडा, मशीन म्हणालं.
तपासणी, औषधं, संमतीपत्र, बिल, इतर.
मी इतरवर नेलेला बाण मागे घेतला
आणि बिल निवडलं.

पण त्याआधी चाळीस हजार पानं झालेली.
त्यांचे कागद सातपूरला गेले, लगद्याला,
गोण्यांत शिवून, काट्यावर तोलून.
पावतीवर सही माझी आहे.
वजन लिहिलंय तिच्यावर, किलोत.

आता प्रत्येक पान मी आधी खिडकीशी धरते,
पाठीकडून, तिरपं.
बहुतेक कोरीच असतात.
एकावर कुणा पोरानं बैलगाडी काढलेली, तीन चाकांची.
एकावर नुसता आकडा, साडेसात, कशाचा कोण जाणे.
ती शेपटी पुन्हा दिसली, पण दोनदाच.

दिवसाला सहाशेच होतात.
एकशेवीस रुपये कमी.
काल पिंगळे सरांनी विचारलंच, का हो, वेग कमी झाला?
मी काचेकडे बोट दाखवलं.
म्हटलं, हंगाम आहे ना सर,
ट्रक फार जातात.