छतावरचा डबा

टूसॉन. जुलैचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन.
ओफेलिया बॅरेरासच्या फाटकाची कडी
रुमाल धरूनच उघडावी लागते.
माझ्या टॅब्लेटमध्ये तिच्या घराचा नकाशा:
खोल्या पाच, माणसं दोन,
त्यातलं एक, तिची बहीण चेलो,
ह्या उन्हातही लोकरीचे मोजे घालून बसलेलं.

मी माझं नेहमीचं सुरू केलं.
सेंट्रल घ्या. पोटमाळ्यातून पत्र्याचे नळ,
सगळ्या घराला एकच हवा, पंगतीत वाढावी तशी,
भूक नसलेल्याच्याही पानात.
पण तुमच्या पोटमाळ्याला उंचीच नाही,
छत उसवावं लागेल.
मग स्प्लिट घ्या. भिंतीला मुठीएवढं भोक,
ज्याच्या त्याच्या खोलीला ज्याचा त्याचा हिवाळा.
इतका गप्प, की चालू आहे का म्हणून
लोक हात वर करून बघतात.
खिडकीतलं यंत्र स्वस्त पडेल,
पण ते आधी खिडकी खातं
आणि मग रात्रभर दात.

"आणि आमचा तो?" तिनं बोट वर केलं.

तो म्हणजे कूलर. एक्क्याऐंशी सालचा पत्र्याचा डबा,
तीन बाजूंना ओल्या लाकडाच्या भुश्याच्या गाद्या,
आत एक पंखा, एक पंप, सगळा मिळून एक खोकला.
मी खरं ते सांगितलं:
बाई, जून कोरडा असतो तोवर हा राजा.
जुलैत हवेला पाणी सुटलं
की हा नुसता घाम वाटत फिरतो.

"ते मला शिकवू नकोस, पोरा.
तुझ्यातलं कुठलं
खिडकी उघडी ठेवून चालतं ते सांग."

मी टॅब्लेटवर बोट फिरवलं.
विजेचं बिल होतं, आवाज होता,
दहा वर्षांची हमी होती.
खिडकीचा रकाना नव्हता.
कूलरला मात्र चार बोटं फट लागतेच,
आत आलेल्या हवेला जायला वाट हवी म्हणून.
त्या फटीतून, ती म्हणाली,
पलीकडच्या घरातला मुलगा ऐकू येतो, ट्रंपेट शिकणारा.
तीन वर्षं एकाच ओळीत अडखळतोय.
"ती ओळ सुटेल तेव्हा मला इथं असायचंय."

मी छतावर गेलो. जावं लागतंच, मापं घ्यायला.
डब्याचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला
पेन्सिलीनं तारखा, दर एप्रिलच्या,
गाद्या बदलल्याच्या.
एलिसेओचं उभट, घाईचं अक्षर,
दोन हजार एकोणीसपर्यंत.
त्याखाली आणखी पाच तारखा,
गोल अक्षरात, सावकाश काढलेल्या.

खाली येऊन विचारलं, नंतर कोण चढलं?
"का? मला काय शिडीचं वावडं आहे?"
वय विचारायचं धाडस झालं नाही.
अर्जात होतंच. चौऱ्याहत्तर.

शेवटी एकच स्प्लिट, मागच्या खोलीला.
चेलोसाठी.
तिला उकाडा कळत नाही,
म्हणूनच तर डॉक्टर घाबरलाय.
चेलोनं मोज्यातले पाय जवळ ओढले
आणि तिच्या भिंतीला भोक कुठे पडणार
ते माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं.
बाकी घर डब्याकडेच राहिलं.
मी त्याच्या गाद्या बदलायचे पैसे लावले नाहीत,
हे साहेबाला कळायचं कारण नाही.

सही करताना पलीकडे ट्रंपेट सुरू झालं.
तिनं पेन उचलून धरलं.
तो चढला, चढला, आणि तिथंच घसरला.
तिनं आडनाव पुरं केलं.

रात्री माझ्या भाड्याच्या खोलीत
खिडकीतलं यंत्र दात खात होतं,
खाली बादलीत त्याचं टिपटिप पाणी.
मी ते बंद केलं.
बघू म्हटलं, आपल्या पलीकडे कोण आहे.
कुणीतरी भांडी घासत होतं.
कुणीतरी फोनवर स्पॅनिशमध्ये नाही, नाही म्हणत होतं.
चौथ्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटला
आणि मी बटण दाबलं.