नवस नसलेला मलिदा

यंदा घरात कुणाला ताप आला नाही,
कुणाची नोकरी गेली नाही, पोरगी परीक्षेत अडली नाही.
बर्फाचा कारखाना दोन पाळ्यांत चालला,
भाऊच्या धक्क्यावरच्या बोटींनी उधारीसुद्धा वेळेत चुकवली.
एवढं सगळं सरळ गेलं
की तुझ्याशी बोलायला विषयच उरला नाही.

आई डोंगरीच्या दहा बाय बारात
शिंप्यांचे काजे करायची, डझनाच्या भावानं.
माझा खोकला लांबला तरी
एलियाहू हन्नाबीला साकडं,
आणि उतार पडला की मलिदा:
पोहे वाण्याच्या वहीवर,
नारळ शेजारच्या रोशनबींकडून.
पाचवं फळ कधी जमायचंच नाही,
मग ती खजूर दोनदा मोजायची.
तेव्हा तू घरातलाच होतास,
मोरीपाशी उभं राहूनही
तुझ्याशी भांडता यायचं.

आता माझगावात एकविसावा मजला.
खिडकीत गोदी, टेबलावर फळं सुकून जातात.
आणि आईनं जुन्या चौकटीवरून
स्क्रू काढून आणलेली मेझुझा
तीन वर्षं खणात, तिच्याच रुमालात,
कारण दाराला भोक पाडलं
तर लॅमिनेटची हमी जाते.

हमी.
केवढ्या सहज म्हणतो मी.

आमचे पूर्वज तेली. शनिवारी घाणा बंद,
म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.
घाण्याच्या बैलालासुद्धा शनिवार होता,
डोळ्यांवरची झापडं सुटायची त्याची
एक दिवस तरी.
माझा फोन शनिवारी पहाटे साडेपाचला वाजतो
आणि मी उचलतो.

परवा मीच फोन लावत बसलो. दहा पुरुष हवेत.
निम्मे अश्दोदला, कित्येक कबरीत,
शलोम किल्लेकरांचे गुडघे गेलेले.
सात जमले.
"काय रे, काही झालंय का?" किल्लेकरांनी
लिफ्टमधून बाहेर पडतानाच विचारलं.
"काही नाही झालं," म्हटलं,
"त्याबद्दलच."

त्यांनी चौकटीकडे पाहिलं.
ताजं भोक, खाली लाकडाचा भुसा,
झाडायचा राहून गेलेला.
काही न बोलता बोटं टेकवली, ओठांना लावली.

पोहे मीच कालवले, आईच्या अंदाजानं,
म्हणजे वेलची जरा जास्तच.
पाचवं फळ या खेपेला होतं,
सहावंही होतं.
तरी मी खजूर दोनदा मोजला.