नव्वद रुपयांची बादली

पोरानं पुण्याहून पाकीट धाडलं: यीस्ट, मॉल्टचा अर्क, हॉप्सची हिरवी भुकटी,
आणि फोनवर एका स्टीलच्या टाकीचा फोटो,
खाली निमुळती, बाजूला तोटी, किंमत एकवीस हजार.
मी म्हटलं, बापू, एवढ्यात तुझ्या आईचे
दोन्ही मोतीबिंदू निघाले.

बावीस वर्षं मेयोत ड्रेसर होतो.
जखमा धुतल्या. त्यातून एवढंच शिकलो,
कोणती जागा स्वच्छ होईल
आणि कोणती नुसती स्वच्छ दिसेल.

इतवारीत सायकल हातात धरून फिरलो.

पाण्याचा वीस लिटरचा जार, निळा, देखणा,
गळा एवढासा. मूठ आत जाईना.
बोटं पोचली नाहीत तिथली जखम
बरी झाली असं मी कधी सांगितलं नाही.

चिनी मातीची बरणी. नखानं वाजवली,
आवाज बसका आला.
तडा कुठं आहे ते शोधत बसलो नाही,
ठेवून दिली.

भंगारात एक ड्रम, साठ रुपये.
यात काय होतं?
"केमिकल."
कोणतं?
"चांगलं केमिकल, भाऊ."

मुर्तझाभाईंच्या दुकानामागं
मिठाईवाल्यांच्या रिकाम्या बादल्या, एकात एक बसलेल्या,
पांढऱ्या, बुडाला त्रिकोण, त्रिकोणात दोनचा आकडा,
शेजारी पेला आणि काटा-चमचा.
मी टॉर्च काढला. आतून नख फिरवलं.
पहिली झाऱ्यानं खरवडलेली, दुसरीही.
ओरखडा म्हणजे धर्मशाळा,
जंतू उतरतात, नाव लिहीत नाहीत.
तिसरी गुळगुळीत.

मुर्तझाभाई चष्म्यावरून पाहत होते.
"काय भरता, पराते?"
लोणचं.
"लोणच्याच्या झाकणाले कोणी कान लावून पाह्यते का?"
मी झाकण कानापासून दूर केलं.
ते काही बोलले नाहीत. शंभरातले दहा परत दिले,
वर एक झाकण जास्तीचं.
"एकाले भोक पाडताना चिरलं, तर."

घरी खिळा तापवून भोक पाडलं,
त्यात सलाइनची नळी, नवी, पाकिटातली,
नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत.
आतलं बाहेर जाईल, बाहेरचं आत येणार नाही.
टाकीला एकवीस हजार लागतात ते यासाठीच का,
पोराला विचारायचं राहून गेलं.

जानेवारी. यीस्टला मानवतील असे
नागपुरात हेच पाचसहा आठवडे.
कूलर ताडपत्रीखाली, पंखे बंद,
घर इतकं गप्प की मंदाच्या बांगड्या कूस बदलताना ऐकू येतात.
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री, अडीचला, न्हाणीतून
बुळुक.
मग बराच वेळ काही नाही.
मग बुळुक.

मंदा अंधारात म्हणाली, "कोण आहे तिथं?"
मी घड्याळ घेऊन बादलीजवळ बसलो होतो.
जन्मभर थेंब आत जाताना मोजले,
मिनिटाला वीस, मिनिटाला चाळीस,
कुणाच्या तरी हातात सुई, कुणीतरी पायथ्याशी उभं.
हे उलटं मोजायला अवघड जातं.
सतराव्याला चुकलो, पुन्हा पहिल्यापासून.

तीन आठवड्यांनी बाटल्या, अजून दोन आठवडे कळ काढली.
मग स्टीलच्या पेल्यात ओतली. फेस आला, खरंच आला.
मी प्यालो. कडू, बरी,
आणि मागून कुठूनतरी संत्रा बर्फी,
कधीच संत्रं न पाहिलेल्या इसेन्सचा तो वास.
बादली तीनदा धुतली होती मी,
उकळत्या पाण्यानं, मग औषधानं, मग पुन्हा पाण्यानं.

मंदानं पेला घेतला नाही, नुसता हुंगला.
उठून न्हाणीत गेली, झाकण उलटं केलं,
खोबणीतून रबराची रिंग
नखानं उचकटून बाहेर काढली
आणि माझ्या नाकाखाली धरली.

"हे धुतलं होतं काय, ड्रेसर?"