सवायकी

संचमान्यतेच्या रकान्यात
पोरगं म्हणजे एक.
आधार जुळलं नाही तर तेही नाही.

आमचा तांडा औंढ्याच्या वर, पट एकोणीस.
केंद्रप्रमुख म्हणाले, वीस करा कसंही.

रात्री मी वहीत दुसराच हिशोब मांडला.
वडिलांनी घोकून घेतलेली
पावकी, निमकी, सवायकी, दीडकी
नोकरीत कुठंच लागली नव्हती.

थावरूच्या घरी गोरमाटी, पुस्तकात मराठी :
तो सव्वा.
दुर्पतीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, दीड.
पायल धाकट्याला कडेवर घेऊन येते.
धाकटा पटावर नाही,
खिचडी खातो, पाटीवर रेघा ओढतो.
पायल पावणेदोन.
रोहिदास दिवाळीनंतर कारखान्यावर जातो,
चैत्रात येतो बाराखडी सांडून.
त्याला अडीच लिहिलं,
मग वाटलं, कमीच.

बाकी पंधरा एकेक.
बेरीज बावीस.
दोनदा ताळा केला.

सकाळी पोर्टल उघडलं.
पाव-निम्मं ते घेत नाही.
एकोणीस भरले, बटण दाबलं,
आणि हजेरीत रोहिदासचं नाव
दोनदा घेतलं गेलं.

"हाय की गुरुजी," तो म्हणाला,
"एवढाच हाय."