नव्वद पूर्णांक चार

सातला पाच कमी. खाली खताच्या दुकानाचं शटर
अजून अर्धंच वर गेलंय, आणि माडीवर आम्ही तिघं:
बसूभैय्या, अफसाना, आणि बटणांपाशी मी.
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, आवाज घुमू नये म्हणून.
तरी घुमतो. उदगीरच घुमटासारखं आहे,
या वेशीला शिंकलं की त्या वेशीला चौकशी.

आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नाही.
तसा कागदच आलाय दिल्लीहून, आम्ही तो फ्रेम करून लावलाय.
म्हणून बसूभैय्या घसा खाकरून सांगतो,
"मंडळी, ही बातमी न्हाई बरं का,
माझ्या मेव्हण्याला काल रात्री पडल्यालं सपान हाय."

मेव्हण्याला फार स्वप्नं पडतात.
एकाच गटाराचं तिसऱ्यांदा भूमिपूजन होतं,
नारळ तोच, शेंडी तेवढी नवी.
नळाला बाराव्या दिवशी पाणी येतं,
आणि अख्खी गल्ली तेराव्याला जेवायला बसते.
सिरियलमधली नटी साडीच्या दुकानाची फीत कापते,
नगराध्यक्ष शिवमूर्तीअप्पा तिच्यासोबत एकवीस फोटो काढतात,
बाविसाव्यात अप्पा एकटेच, हात अजून खांद्याच्या उंचीवर,
नटी बिदरच्या रस्त्याला लागलेली.
अफसाना नटीच्या आवाजात म्हणते, "अय्या, इथं सिग्नल पण आहे?"
आणि लगेच मावशीच्या आवाजात,
"हाय की गं माय, लागतच न्हाई तेवढा."

अप्पांचं नाव आलं की मी तांबडं बटण दाबतो.
म्हैस रेकते.
खरी म्हैस. आमची चंद्री.
आईचे गुडघे गेले त्या वर्षी हाळीच्या बाजारात देऊन आलो तिला,
त्याच्या आदल्या पहाटे, धारेच्या वेळी,
सहज मोबाइल समोर धरला होता.

मग नोटीस आली. वकील बिराजदार, तीन पानं.
गटाराबद्दल अवाक्षर नाही. नारळाबद्दल नाही.
एकवीस फोटो तर त्यांनी स्वतःच जोडलेत, रंगीत.
हरकत एकच:
"आमच्या अशिलाच्या नावानंतर म्हैस रेकते,
सबब अशिलास मानसिक त्रास
व सासुरवाडीत चेष्टा."
अफसाना म्हणाली, चेष्टा झाली ती म्हशीची,
तिनं कुणाकडं जायचं?

दुसऱ्या सकाळी बसूभैय्या "अप्पा" म्हणाला आणि थांबला.
मी हात मांडीखाली दाबून बसलो.
अडीच सेकंद नुसती खरखर.
चार जणांनी फोन केले, मशीन बिघडली का म्हणून.

रात्री आईनं भाकरी वाढली.
तिला आमच्या विनोदातलं काही कळत नाही,
अप्पा कोण, हेही नाही.
गोठ्यात आता माझी लूना असते. तिथल्या खुंटीला रेडिओ टांगून
ती सातला दावणीच्या कठड्यावर जाऊन बसते, इतकंच.
"आज चंद्री बोल्ली न्हाई रं," ती म्हणाली.
"दुखूलालंय का काय तिला?"
मी वरणात भाकरी चुरत राहिलो, चुरून झाली तरी.

बसूभैय्याला सांगितलं. तो काहीच बोलला नाही,
म्हणजे केवढी गोष्ट.
नोटीस मागवली, दात कोरत वाचली,
एकेका शब्दावर बोट ठेवून, स्वतःच वकील असल्यासारखी.
दुसऱ्या पानावर बोट थांबलं.
"नावानंतर," तो म्हणाला. "आरं, नंतर मनलंय."

सातला पाच कमी. शटर अर्धं.
मेव्हणा ठरल्याप्रमाणे झोपलेला.
"तर मंडळी, मांडव पडलाय, खुर्च्या लागल्यात,
आणि सपनात आता कोण यायलंय बगा..."
मी बटण दाबलं. नावाच्या आधी.
जरा जास्तच वेळ दाबून धरलं,
बसूभैय्यानं भुवया उंचावल्या, तरी सोडलं नाही,
एक तांब्या भरेल
इतका वेळ.