निरोपाची वही

पुलुकेन बेटावर शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी,
सात मुलं आणि मी.
चिलोएच्या नकाशात आम्ही
पेन झटकताना उडालेल्या ठिपक्याएवढे.

सोमवारी झेंडा. दोरी ओली असते, गाठ सुटत नाही,
राष्ट्रगीत संपतं तरी झेंडा अर्ध्यावरच.
मग दप्तरांतून वह्या निघतात, निळ्या कव्हराच्या,
निरोपाच्या.
मी लिहायचं, घराने वाचायचं, घराने सही करायची.
असा नियम.

येर्को मियालोंकोच्या वहीत एप्रिलपासून
एकटं माझंच अक्षर.
‘येर्को वर्गात झोपतो.’
‘शेगडीसाठी या आठवड्याचं लाकूड तुमच्याकडे होतं.’
‘डोक्यात उवा. सगळ्यांच्याच आहेत, वाईट वाटून घेऊ नये.’
‘बुधवारी चार वाजता पालकसभा.’

बाप सॅमनच्या पिंजऱ्यांवर, चौदा दिवस तिकडे,
चौदा इकडे,
आणि इकडचे चौदाही हल्ली तिकडेच.
आई पुएर्तो मोंतला गेली,
ती गोष्ट या वहीत मावणारी नाही.
उरला बापाचा चुलता, दोन अल्सिदेस.
किनाऱ्यावर शेवाळ वाळवतो, पोती भरतो,
पोत्यांवर वजनाचे आकडे टाकतो.
अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही.

तरी उत्तरं येत होती.
लाकडाच्या निरोपाला: पहाटे पायरीवर दोन मोळ्या,
सालीसकट, दंवाने जड.
उवांच्या निरोपाला: येर्कोचं तुळतुळीत डोकं,
त्यावर लोकरीची टोपी, दोन मापं मोठी.
झोपेच्या निरोपाला सहा अंडी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी अर्थ लावत बसले.
लाच? माफी?
की, तुम्हीच घाला त्याला, माझी वेळ आणि चूल जुळत नाही?
शेवटी उकडली.
सहा अंडी सात जणांत,
तोच त्या दिवशीचा गणिताचा तास.

बुधवारी चारला पाच आया, एक बाप,
एक रिकामी खुर्ची.

गुरुवारी दहाला, भागाकाराच्या ऐन मध्यावर, दार वाजलं.
हातात टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल.
‘काल चारला ओहोटी होती, बाई.
ओहोटी कुणासाठी थांबत नाही.’

मग सभा पुन्हा भरली, एका माणसाची.
तो पहिलीच्या खुर्चीत बसला, गुडघे हनुवटीपाशी.
मुलं पाटीआडून बघत होती.
मी प्रगतिपुस्तक उघडलं.
वाचन साधारण. हजेरी बरी. हस्ताक्षर,
इथे त्याने हात वर केला, मुलं करतात तसा.

‘हसतो का तो, इथे?’

मी रकाने शोधले.
वर्तन. स्वच्छता. सहभाग.
एकोणीस वर्षं भरतेय हे रकाने.
‘बघून सांगते,’ म्हणाले.
हे असलं उत्तर मी मुलांना चालू दिलं नसतं.

शुक्रवारी येर्कोवर नजर ठेवली,
दुधावर ठेवतात तशी,
बघतोय हे दुधाला कळू न देता.
एकदा, शेगडीवर वाळत घातलेला माझा मोजा जळाला तेव्हा.
एकदा, खिडकीकडे बघून. कशाला, ते कळलं नाही.

लिहिलं, ‘आज येर्को दोनदा हसला.’
खाली सहीची जागा सोडली, सवयीने.
हे घरी वाचून दाखवणार तो येर्कोच,
हे सुचलं तेव्हा होडी सुटली होती.

सोमवार. झेंडा, अर्ध्यावर.
वही उघडली.
सही नव्हती.
सहीच्या जागी सुताराच्या जाड पेन्सिलीने,
पोत्यांवर टाकतात तसा,
पान फाटेल इतका दाबून
एक पाचाचा आकडा.

शनिवार-रविवार मिळून असावा,
मला वाटतं.